तरोट्याचा वाफा

आठवडी बाजारात तरोटा आला की माझं डोकं फिरतं. भाजी चांगली आहे, तक्रार तिची नाही. आषाढ अर्ध्यावर आला की नाल्याच्या काठाला, शाळेच्या कुंपणाला, राजुऱ्याकडे कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हा उगवतो. कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही. दिवसभर पानं उघडी, दिवस कलला की जोडी-जोडीनं मिटलेली. बायका सकाळीच कवळे शेंडे खुडून आणतात आणि गोणपाटावर ढीग घालून बसतात. त्या ढिगापाशी गेलं की ओला, जरा उग्र वास येतो आणि मला तो पावसाळा आठवतो, ज्या पावसाळ्यात सगळ्यांनी मिळून मला माळीण करायचं ठरवलं होतं. मी टेलर आहे. बायकांचे ब्लाउज शिवते. मातीचं आणि माझं कधी पटलं नाही.

परवा त्या ढिगामागे, त्याच पावसाळ्यात भेटलेली पार्बताबाई बसली होती. मला पाहिलं आणि भाव सांगायच्या आधी म्हणाली, "हात दाखव." मी उजवा हात पुढे केला. तिनं अंगठा ओढून पाहिला, मासा ताजा आहे की नाही ते पाहतात तसा, आणि सोडून दिला.

"ठीक हाय. घे, कवळा हाय."

झाली विचारपूस. तीन वर्षांत आमच्यात याहून जास्त गोड बोलणं झालेलं नाही, आणि झालं असतं तर मी तिथून उठून गेले असते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मला लकवा मारला. ऐन लग्नसराई. मशीनवर आकाशी रंगाचा एक ब्लाउज होता, आमच्या आरोग्य केंद्रातल्या वैशाली सिस्टरचा. डावी बाही जोडून झाली होती. उजवी हातात घेतली आणि ती खाली पडली. उचलायला वाकले, तर हात खाली लोंबला आणि लोंबतच राहिला. मी त्याला दोन शिव्या दिल्या. त्या शिव्याही तोंडातून वाकड्याच बाहेर पडल्या, तेव्हा कळलं की हे काही झोपेचं किंवा थकव्याचं नाही.

तोंड महिनाभरात सरळ झालं. बोलणं आलं, घरच्यांचं नशीब. पाय ओढत का होईना, चालू लागला. हात तेवढा राहिला. खांदा हलायचा, कोपर हलायचं, पण अंगठा तळव्यावर पडून असायचा. अंगठा आणि पहिलं बोट यांची गाठच पडेना. तुम्हाला सांगते, टेलरचा सगळा जीव त्या गाठीत असतो. खडू तिथं धरायचा, सुई तिथं, कापडाची दुमड तिथं, हुकाचा दोरा तिथं. बाकीचा हात नुसता दांडा आहे. डॉक्टर म्हणाले, "चालताय, बोलताय, खूप झालं." त्यांचं खूप झालं असेल. मला ती चिमूट परत हवी होती, दुसरं काही नको होतं.

इक्बाल, म्हणजे माझा नवरा, मोटारींचं रिवाइंडिंग करतो. दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसणारा शांत माणूस. त्यानं एकदा घाबरत घाबरत विचारलं, "मशीन जागा अडवून राह्यली. भाचीले देऊन टाकायची का? ती शिकून राह्यली." मी डाव्या हातानं स्टीलचा ग्लास फेकला. त्याला लागला नाही. डाव्या हाताला नेम नव्हता, त्याचाही राग आला. पुन्हा त्यानं विचारलं नाही. मशीनवर एक जुनी चादर टाकली. चादरीखाली तो आकाशी ब्लाउज, एका बाहीचा, तसाच.

आणि मग सिस्टर घरी आली. तिच्याबरोबर आशाताई, हातात रजिस्टर. केंद्राच्या मागच्या मोकळ्या जागेत बाग करायची आहे म्हणे. लकवा झालेले, मन उदास असलेले, दारू सोडलेले, अशा सगळ्यांनी रोज सकाळी तास-दोन तास यायचं. मातीत हात घालायचा. "मातीनं बरं वाटतं, टेलरबाई," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज तेव्हा इतका गोड होता की माझे दात शिवशिवले. सगळं बोलली. बी.पी., गोळ्या, मीठ कमी खा. फक्त ब्लाउजचं काय झालं, हे विचारलं नाही. समोर चादरीखाली मशीन दिसत होती. तिनं तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

तिथंच माझं तिच्याशी वाकडं आलं. अगं बाई, तुझा ब्लाउज आहे, लग्नाला घालणार होतीस, अस्तराचं कापड स्वतः निवडलं होतंस. विचार की. भांड की. गिऱ्हाईक टेलरशी भांडतं, पेशंटशी कोणी भांडत नाही. तिनं विचारलं नाही, याचा अर्थ मी एवढाच घेतला की हिनं मला टेलरमधून काढून टाकलं आहे.

मातीचा मला किळस आहे, हे लपवत नाही. लहानपणी अम्मी मला अंगणात खेळू द्यायची नाही. ती लोकांचे पांढरे कुर्ते शिवायची. शाळेतून आले की हात धुवायचे, पुसायचे, मग तिला नखं दाखवायची आणि मगच कापडाजवळ बसायचं. ईदच्या आधीच्या दिवसांत तर ती आम्हाला पाण्याचा ग्लासही खोलीत आणू द्यायची नाही. पन्नाशीला टेकेपर्यंत मी हे हात जपले. आणि आता हे लोक मला सांगत होते की काळ्या चिकट मातीत हात घाल, तेच औषध आहे.

गेले. न जाऊन सांगते कोणाला, इक्बाल स्वतः सायकलवर बसवून सोडायचा.

बाग म्हणजे सहा वाफे. भोवती चुना मारलेल्या विटा तिरप्या रोवलेल्या. आम्ही सात-आठ जण. पाऊस रात्री पडून गेलेला असायचा आणि सकाळी असा उकाडा की ब्लाउज पाठीला चिकटावा. चप्पल मातीत रुतायची, उचलली की अर्धा किलो माती बरोबर यायची. सुरुवातीला डोळे मिटून मातीचा वास घ्यायचा. मग मातीशी बोलायचं. मी म्हटलं, "काय बोलू? घरचे माझ्याशी बोलाले घाबरून राह्यले, अन मी ढेकळाशी बोलू?" सिस्टर हसली आणि म्हणाली, "छान." तिला सगळंच छान होतं. मी डाव्या हातानं खुरपं धरलं, छान. उजवा हात मातीवर नुसता ठेवला, व्वा. एकदा रोप उलटं लावलं, मुळं वर, तेव्हाही म्हणाली, "प्रयत्न छान आहे." निघताना एक तक्ता असायचा. त्यावर पाच तोंडं काढलेली, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आज कसं वाटतंय, त्या तोंडावर बोट ठेवायचं. मी रोज सगळ्यांत हसऱ्या तोंडावर बोट ठेवायचे. निव्वळ दुष्टपणानं. ती रजिस्टरमध्ये लिहायची, 'सुधारणा'.

पार्बताबाई माझ्या वाफ्यावर होती. नदीकाठच्या गावची, ढिवराची बाई. जन्म जाळं विणण्यात, मासे विकण्यात आणि लोकांच्या शेतात निंदण करण्यात गेला. नवरा वारल्यावर ती कोणाशी बोलेना, म्हणून आशाताईनं आणलं होतं. मी विचारलं तर फटकन म्हणाली, "मले काई झालं नाई. सुना म्हणते, बुढी बोलत नाई. बोलाले कोनी पायजे न." आणि मग ती माझ्याशी बोलू लागली, म्हणजे मला रागवू लागली. कंबर वाकवता येत नाही का. खुरपं धरता येत नाही का. एवढी मोठी बाई झाली, हे कोणतं झाड तेही माहीत नाही का. खरंच नव्हतं माहीत. कापड मी डोळे मिटून बोटांनी ओळखते, झाडं मला दोनच ओळखू येतात, कडुनिंब आणि बाकीची.

मग तो दिवस आला. सिस्टरनं पाकिटातल्या बिया पेरल्या होत्या, कुठल्या कुठल्या विलायती फुलांच्या. रोपं चार बोटं वर आली होती. आणि त्यांच्या मधून, न विचारता, तरोटा. सिस्टर मीटिंगला चालली होती. जाता जाता म्हणाली, "आज सगळ्यांनी निंदण करा. तण काढून वाफे स्वच्छ करा. उद्या वरून साहेब येणार आहेत बाग बघायला."

"काय काढायचं?" मी विचारलं.

"जे खाता येत नाई ते," पार्बताबाई म्हणाली. तिला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. शेतातलं निंदण करून भाजी पदराच्या ओट्यात घालून घरी नेणारी बाई ती. आषाढात आपोआप उगवलेला कवळा तरोटा उपटून फेकायचा, ही गोष्ट तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तिनं एकेक रोप बोटानं दाखवलं, "हा ठेव. हा कचरा. हा कचरा. हा ठेव." मी डाव्या हातानं उपटत गेले. बाकीच्यांनी आमचं पाहून आपले वाफे साफ केले. दुपार व्हायच्या आत सहाही वाफ्यांत एक विलायती रोप उरलं नाही. तरोटा मात्र कसा मोकळा झाला होता, ओळीत, हिरवागार. खरं सांगते, त्या बागेत आल्यापासून पहिल्यांदा मला काही नीट केल्यासारखं वाटलं.

सिस्टर परस्पर घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती साहेबांच्या गाडीबरोबरच. साहेब उतरले, मागे फोटो काढणारा एक. साहेबांनी वाफ्यांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. ते इकडचेच असावेत, कारण लगेच म्हणाले, "सिस्टर, हा तरोटा आहे."

पार्बताबाईच पुढे झाली, पदर खोचून. "होय साहेब. कचरा सारा काढून फेकला. वाफा साफ केला." आणि भिंतीशी सुकत पडलेला रोपांचा ढीग तिनं अभिमानानं दाखवला. फोटोवाला हसला. साहेब हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. काहीतरी लिहून घेतलं, चहा न घेता गाडीत बसले.

गाडी गेल्यावर सिस्टर पालथ्या बादलीवर बसली. मला वाटलं, आता म्हणेल, प्रयत्न छान होता. ती म्हणाली, "झालं समाधान?"

"मी मुद्दाम नाई केलं," मी म्हणाले. आणि मग गप्प बसायचं सोडून पुढे बोलले, "आणि त्या फुलांनी माझा हात येणार होता काय?"

तेव्हा तिचा तो गोड आवाज कुठल्या कुठे गेला. तिच्या आईच्या घरची बोली तोंडात आली. "मले माहीत नाई. येईल का नाई, कोनालेच माहीत नाई, टेलरबाई. डॉक्टर म्हणते हात हलता ठेवा, मी हलता ठेवून राह्यली. माझ्याजवळ मशिनी नाई, शिकलेला माणूस नाई, ही मागची जागा हाय अन पाकिटातल्या बिया. अन तुम्ही रोज त्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवून मले येडी बनवून राह्यल्या. मले समजत नाई काय?"

ती बाई मला त्या दिवसापासून आवडू लागली, असं मी म्हणणार नाही. पण हात कदाचित येणारच नाही, हे इतके दिवस सगळ्यांच्या पोटात असलेलं वाक्य पहिल्यांदा कोणीतरी माझ्या तोंडावर बोललं. घरी येऊन मी खूप रडले. चादरीवर डोकं ठेवून, मशीनवर.

फुलं तर गेलीच होती. नव्या बिया कोणी पाठवल्या नाहीत. राहिला तरोटा. पार्बताबाई म्हणाली, "पाहून काय राह्यल्या, खुडा." तिनं सगळ्यांना ओटे करून दिले. मी डावा हात पुढे केला तर तिनं त्यावर चापट मारली, चांगली लागेल अशी.

"त्या हातानं नाई. त्या हातानं खुडलेली भाजी मी तुले घरी नेऊ देणार नाई."

तरोटा खुडायचा म्हणजे कवळा शेंडा अंगठ्याच्या नखात आणि पहिल्या बोटाच्या कांड्यावर धरायचा आणि मोडायचा. जोर लागत नाही. चिमूट लागते. पहिले कितीतरी दिवस मी नुसता पाला चुरगाळला. पानं फाटायची, देठ राहायचं, बोटं हिरवी व्हायची आणि नखांत तो उग्र वास. पार्बताबाई माझ्या ओट्यात डोकावून म्हणायची, "हे काय खुडलं? बकरीनं ओरबाडलं बरं." मी तिला मनात काय काय म्हणायचे ते इथं लिहिता येणार नाही. कधी मनातलं तोंडातही यायचं. ती म्हणायची, "बोल, बोल. पन खुड." सिस्टर लांबून बघायची. त्या दिवसानंतर तिनं कोणालाही छान म्हटलं नाही, आणि तो तोंडांचा तक्ता कपाटामागे गेला.

श्रावण लागला होता. तरोटा जून व्हायला आला होता, फक्त आतले फुटवे कवळे. आभाळ उतरून आलेलं, ट्रक चिखल उडवत चाललेले. मी एक शेंडा धरला. तो कट्कन मोडला आणि माझ्या बोटांत राहिला. पडला नाही. मी तो तसाच धरून उभी. पार्बताबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "एकानं भाजी होते काय व?" मला इतका आनंद झाला होता आणि तिचा इतका राग आला होता की मी दुसरा खुडला. त्या दिवशी ओट्यात मूठभरच भाजी होती. इक्बालनं कांदा आणि मुगाची डाळ घालून ती शिजवली. दोघांनी दोन-दोन घास खाल्ले. मीठ जास्त पडलं होतं. मी सांगितलं तसं त्याला.

चांगलं झालं की टिकू द्यायचं नाही, हा आपल्याकडचा नियमच असावा. पुढच्या वर्षी सिस्टरची बदली अहेरीला झाली. निघताना आली, चहा प्यायली, मशीनवरची चादर तिनं पुन्हा पाहिली आणि पुन्हा विचारलं नाही. नंतर केंद्राच्या मागच्या जागेत सिमेंटचे ब्लॉक बसवले आणि भिंतीवर रंगानं बाग काढली. लाल फुलं, पिवळी फुलपाखरं, डोंगरामागून उगवणारा सूर्य. समोर खुर्च्या. आता तिथं पेशंट बसून भिंतीकडे बघतात. गोळ्या आणायला जाते तेव्हा मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते. या आठवड्यात पाहिलं तर ब्लॉकच्या फटींतून तरोटा वर आला आहे. झाडूवाल्यानं काढला नव्हता. मी वाकून दोन शेंडे खुडले आणि पिशवीत टाकले. कोणी काही म्हटलं नाही, म्हटलं असतं तर भांडायची तयारी होती.

हात पूर्ण आलेला नाही. जाड कापडात कात्री अजून मला दमवते. थंडीत अंगठा रुसतो. दोन वर्षं मी उशांचे अभ्रे, पेटीकोटचे नाडे असलं काहीतरी शिवत राहिले, भाचीनं घेतलेल्या मशीनवर, तिच्या घरी, चोरून. स्वतःच्या मशीनवरची चादर काढायची हिंमत यंदा होळीनंतर झाली. आकाशी ब्लाउज घडीवर फिका पडला होता. उजवी बाही जमिनीवर पडली होती त्या दिवशीचा खडू अजून तिच्यावर होता. मी ती बाही काखेजवळच्या मुंढ्याला जोडायला चार दिवस घेतले. आधी हे काम मी फोनवर बोलत बोलत करायचे. हुक लावताना तर घाम फुटला. मग इस्त्री केली, कागदात गुंडाळला आणि अहेरीच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे दिला. ब्लाउज तीन वर्षं उशिरा देणारी टेलर मीच असेन.

त्यानंतर महिने गेले. काहीच नाही. मला माहीत होतं काय येणार ते. छान झालाय, टेलरबाई. व्वा. फोटोत हसरं तोंड. शिवण वाकडी होती, हे मी डोळे मिटून सांगू शकले असते, आणि तरी ती छान म्हणणार. त्या न आलेल्या छानचा मी आधीच राग करून ठेवला होता. मनात तिच्याशी भांडून झालं होतं.

काल दुपारी तरोटा निवडत बसले होते तेव्हा फोन वाजला. सिस्टरनं व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला होता. मागे पाऊस ऐकू येत होता, आणि कुठंतरी लहान पोर रडत होतं. इक्बाल शेजारी तार गुंडाळत होता. मी डाव्या हातानं बटण दाबलं.

"टेलरबाई, हा काय ब्लाउज शिवला तुम्ही? आज घालायले काढला तर उजवी बाही काखेत ओढून राह्यली, हात वर होत नाई. अन हुक खालचे दोन वाकडे. जुनं माप हाय असं सांगू नका, मी तेवढीच हाय, डावी बाही बरोबर बसते. तीन वर्षं थांबली न मी? मंग नीट करून देत जा. परवा गाडीनं परत पाठवून राह्यली. उसवा अन पुन्हा लावा. कधी देता ते आत्ताच सांगा, तारीख सांगा, उगाच फिरवू नका."

मी तो आवाज पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा इक्बालनं मान वर केली आणि माझ्या डोळ्यांकडे पाहून घाबरला. "काय झालं? सिस्टर काय म्हणून राह्यली?"

मी पदरानं डोळे पुसले. तरोट्याची परात बाजूला सारली. मशीनवर पुन्हा टाकलेली चादर काढली, घडी केली आणि त्याच्या अंगावर फेकली. उजव्या हातानं. नेमकी लागली.

"काई नाई," मी म्हणाले. "गिऱ्हाईकाची तक्रार हाय."

आणि सिस्टरला, सगळे टेलर सांगतात तसं, गुरुवारी देते म्हणून कळवलं.